करकोचे उतरेपर्यंत

अप्पा माझ्याकडे बंगळुरूला आले ते स्वतःच्या अटीवर. "पाखरं उतरली की मी परत येणार. मधी अडवायचं न्हाई," असं त्यांनी गावातल्या ओट्यावर बसून, चार माणसांच्या देखत मला सांगितलं आणि मी हो म्हटलं. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं. उन्हाळ्यात ते गोठ्यात चक्कर येऊन पडले आणि बराच वेळ तिथंच पडून राहिले. म्हैस ओरडायची थांबेना, म्हणून शेजारच्या चुलतभावाला कळलं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आता यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला अप्पा माझ्याजवळ हवे होते, कायमचे, आणि हे मी कुणापासून लपवलं नव्हतं. अप्पांना गाव हवं होतं, तेही त्यांनी लपवलं नव्हतं. तेव्हा ही अट म्हणजे दोघांनी मिळून पुढं ढकललेलं भांडण होतं.

पाखरं म्हणजे करकोचे. आमचं गाव विजापूरच्या वरच्या अंगाला, भीमेच्या काठापासून थोडं आत. घरात मराठी, बाजारात कानडी, शिव्या दोन्हींत. दरवर्षी दिवाळीच्या पुढंमागं उत्तरेकडून, पार हिमालय ओलांडून, राखी अंगाचे आणि काळ्या मानेचे करकोचे आमच्याकडे येतात, ओढ्याकडच्या हरभऱ्यात उतरतात आणि शिमग्याच्या सुमारास निघून जातात. पुस्तकात त्यांना कांड्या करकोचा म्हणतात. गावात चिमणीला चिमणी म्हणतात, साळुंकीला साळुंकी, आणि नुसतं 'पाखरं' म्हटलं की ती हीच. इतर लोक डबे बडवून त्यांना हाकलतात. अप्पांनी कधी हाकललं नाही. ओढ्यालगतचा एक पट्टा ते पाखरांचाच धरून चालायचे. "खाऊन खाऊन किती खातील?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं आणि "ते ह्या घरच्या ताटातलं खातात" हे आईचं. असं ते भांडण माझ्या जन्माआधीपासून चाललेलं होतं.

तर श्रावणात अप्पा हेब्बाळला माझ्या घरी आले. मी एकटी राहते, एका सरकारी संशोधन संस्थेत तांत्रिक कामाला आहे, आणि भाड्याचं का होईना, माझ्या डोक्यावर गच्ची आहे. खाली घरमालकीणबाई राहतात, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. आल्या आल्या अप्पांनी घराला नावं ठेवली. "हे हेब्बाळ का फेब्बाळ कशाला शोधलीस? तिकडं बनशंकरी हाय म्हणतात, तिथं तरी घर घ्यायचं. देवीच्या पायाशी ऱ्हायल्यागत झालं असतं." पाखरांची हौस भागेल म्हणून मी त्यांना तळ्यावर नेलं. तिथं झोळीवाले पेलिकन बसलेले होते, पाणकावळे पंख पसरून उन्हात वाळत होते, लोक मोठमोठ्या दुर्बिणी लावून बघत होते. अप्पांनी पेलिकनकडे नीट बघितलं. "ही बसून खाणारी," म्हणाले. "लांबनं आलेली दिसत न्हाईत." पुन्हा तळ्यावर यायचं नाव काढलं नाही.

मला मासे पाळायचा नाद आहे. नाद म्हणजे काचेच्या पेटीत दोन सोनमासे सोडून वर प्लास्टिकचा किल्ला ठेवणं नव्हे. मी फायटर माशांची पिल्लं काढते. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, त्यात अंडी ठेवतो, खाली पडलेलं पिल्लू तोंडात धरून पुन्हा वर नेऊन चिकटवतो आणि हे करताना दोन-दोन दिवस स्वतः खात नाही. अप्पांनी हे सगळं स्टुलावर बसून बघितलं.

"आणि आई कुठाय ह्यांची?"

"तिला बाहेर काढावं लागतं. नाहीतर तो तिला मारतो."

"आं? मग चांगला बाप हाय का वाईट बाप हाय, ते एकदा ठरीव," अप्पा म्हणाले.

पिल्लं काढणं सोपं, जगवणं अवघड, कारण त्यांना जिवंत खाणं लागतं. पिल्लाच्या तोंडापुढं काहीतरी वळवळलं, तर ते तोंड उघडतं. न हलणारी वस्तू म्हणजे त्याच्या दृष्टीनं खाणंच नव्हे. दुकानातली भुकटी टाकली तर पिल्लं तिच्या शेजारी उपाशी मरतात आणि वर पाणी नासतं. म्हणून माशांच्या आधी माशांचं अन्न पाळावं लागतं. गच्चीवर मी एक मोठा टप ठेवला होता, शेवाळानं हिरवंगार झालेल्या पाण्याचा. त्यात डॅफ्निया होत्या. डॅफ्निया म्हणजे पाण्यात टुणूकटुणूक उड्या मारणारे मोहरीहूनही बारीक जीव. शिवाय न्हाणीघराबाहेरच्या फळीवर चार प्लास्टिकचे डबे होते. त्यांत ओटच्या लापशीवर मायक्रोवर्म नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पांढरे किडे वाढत. त्या डब्यांना विसरलेल्या आंबिलीसारखा वास येतो. मला तो वास आता कळतही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतो.

अक्कांचा या सगळ्यावर दात होता. टपावर मी मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलेलं होतं, एक डास आत जाईल तर शपथ. पण त्यांनी टपाला 'सोळ्ळे फ्याक्टरी' असं नाव दिलं होतं. सोळ्ळे म्हणजे डास. गल्लीत कुणाला ताप आला की त्या आधी आमच्या गच्चीकडे बघत आणि मग त्या माणसाची चौकशी करत. अप्पांचं आणि त्यांचं मात्र पहिल्याच आठवड्यात जमलं. अप्पांची विजापूरकडची कानडी ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि त्यांची बंगळुरी कानडी ऐकून अप्पा वर येऊन हसायचे. संध्याकाळी दोघं जिन्याच्या पायरीवर बसून माझ्या स्वयंपाकावर चर्चा करत. मला खाली हाक मारून "स्वल्प मीठ कमी घाला, मॅडम" असा सामाईक निरोपही दिला जाई.

पण अप्पांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. गावाकडून चुलतभावाचा फोन आला की पहिला प्रश्न पेरणीचा आणि दुसरा पाखरांचा. गणपती झाले, पितृपक्ष आला. "अजून न्हाईत व्हय? येतील, येतील," असं म्हणून ते फोन माझ्याकडे देत. आणि मी, पक्ष्यांची एवढी माया असलेल्या माणसाची मुलगी, मनातल्या मनात म्हणे, यंदा नाही आली तर बरं.

नवरात्रात माझी पिल्लं निघाली. भरपूर निघाली. पेटीच्या काचेला कान लावून ऐकावं इतकी ती मला जवळची झाली होती. पहिले दिवस निभावले, मायक्रोवर्म खायला लागली, पोटं पांढरी, गोल दिसायला लागली. आणि मग खंडेनवमी आली.

आमच्या संस्थेत त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. व्हॅक्युम पंपाला झेंडूचा हार, संगणकाला हळदकुंकू, सगळ्यांना चुरमुरे-डाळं आणि पेढा. रस्त्याला कोहळे फुटलेले, रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले, बसच्या पुढच्या काचेतून ड्रायव्हरला हारांमधून कसंबसं दिसतंय. दुपारी मी प्रसादाची पुडी घेऊन घरी आले आणि गच्चीवर गेले.

टप लख्ख झाला होता. आतून-बाहेरून चिंच आणि राखेनं घासून, उन्हात पालथा घालून ठेवलेला. चार डबे ओळीनं वाळत होते, नव्यासारखे. हवेच्या पंपाला हळदकुंकू, त्याच्या वायरीला झेंडूची माळ. जाळी, पिपेट, चमचे, सगळं धुऊन एका पाटावर मांडलेलं आणि पुढं उदबत्ती. अप्पा बाजूला बसले होते. पंचा ओला, तोंड भरून हसू.

"तुझी अवजारं लईच घाण ठेवतीस पोरी. आज तरी ती पुजावीत म्हटलं. आक्कांनी चिंच दिली."

गावात अप्पांनी आयुष्यभर हेच केलं होतं. नवमीला नांगर, कुळव, विळे, तागडी, सगळं ओढ्यावर नेऊन घासायचं, मग कुंकू लावायचं. मी माशांसाठी जे काही वापरते ती माझी अवजारं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. फक्त त्या हिरव्या पाण्यात आणि त्या आंबट लापशीत कुणी राहत होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जवळचा चष्मा ते लावत नाहीत. पिपेटनं मी पिल्लांना पाणी पाजते, अशी त्यांची समजूत होती.

मी तापट आहे. तो गुण अप्पांचाच आहे, पण त्या दिवशी तो माझ्याकडे होता. "अप्पा, ते जिवंत होतं! सगळं जिवंत होतं! आता पिल्लांनी काय खायचं?" असं मी इतक्या मोठ्यानं ओरडले की अक्का खालून वर आल्या. पाणी कुठं ओतलं विचारलं, तर मोरीत. डब्यांतलं? तेही मोरीत. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" हे वाक्य मी बोलले, आणि अप्पांचं हसू गेलं. ते उठले, पाटावरची उदबत्ती काढून त्यांनी कुंडीत खोचली आणि खाली खोलीत जाऊन पिशवी भरायला लागले.

"मी जातो गावाकडं. पाखरं यायच्या बेतात असतीलच. हितं माझा उपेग न्हाई, उगं नुकसान."

अक्कांनी मला दारात गाठून कानडीत सुनावलं की म्हाताऱ्या बापापेक्षा किडे मोठे झाले का. आता किडे तर मोरीत गेलेच होते, मग मी त्यांना उत्तर कशाला देऊ? आत गेले आणि अप्पांच्या पिशवीतून त्यांचं धोतर परत काढून कपाटात ठेवलं. त्यांनी ते पुन्हा पिशवीत घातलं. मी पुन्हा काढलं. असं थोडा वेळ चाललं. शेवटी त्यांनीच विचारलं, "ते जिवंत असतंय ते दुसरीकडं कुठं मिळतंय का?"

दसऱ्याची सुट्टी, माशांची दुकानं बंद, ओळखीतला एकच माणूस डॅफ्निया ठेवणारा, तो म्हैसूरला गेलेला. मी म्हटलं, "तळ्यात मिळतं. पण मासे नसलेल्या तळ्यात. गाव सोडून बाहेर जावं लागेल."

"मग उद्या जाऊ की. दसराच हाय. शीव ओलांडायची असतीच."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघं देवनहळ्ळीकडे निघालो. गाडीत मागे दोन बादल्या, चहाची गाळणी आणि अप्पांचं एक जुनं धोतर. विमानतळाचा मोठा रस्ता सोडून आत वळलं की अजून द्राक्षांचे मांडव दिसतात, नाचणीची शेतं दिसतात, आणि त्यांच्यामध्ये दगडाच्या खुंट्या ठोकून आखलेले प्लॉट. प्लॉटांवर रंगीत पताका. "ह्या जमिनीत आता काय पेरणार?" अप्पांनी विचारलं. माणसं, मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण "असंल" एवढंच म्हणाले. कालपासून ते जपून बोलत होते, आणि मला ते मुळीच सोसत नव्हतं.

दोन तळ्यांत काही मिळालं नाही. पहिल्यात मासे सोडलेले होते, दुसऱ्यात साबणाचा फेस. मला हुंदकाच यायचा बाकी होता. एका दिवसाच्या उपासानं काही पिल्लं खाली बसायला लागली होती, हे मी सकाळी बघून आले होते. तिसरं म्हणजे तळंही नव्हे, गुरं पाण्यावर नेतात तसलं डबकं, एका बाजूला करंजाची सावली. सावलीच्या कडेला पाण्यात डॅफ्नियांचा तांबूस ढग हलताना दिसला. मी चप्पल काढेपर्यंत अप्पा गुडघाभर पाण्यात उतरले होते. "अप्पा, पडाल! बाहेर या!" "गप गं. चिखल मला शिकवतीस?"

मी वरून सांगत होते आणि ते करत होते. आधी गाळणीतून पाणी घ्यायचं म्हणजे मोठ्या डॅफ्निया वर राहतात. त्या टपासाठी. गाळणीतून खाली जे उतरतं ते धोतराच्या कापडातून पुन्हा गाळायचं. ती डॅफ्नियांची पिल्लं, माझ्या माशांच्या पिल्लांच्या तोंडात मावणारी. धोतर पिळायचं नाही, नुसतं बादलीत बुडवून झटकायचं. अप्पांच्या हाताला घाई ठाऊक नाही. आमची एक बादली झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मग मी काचेच्या ग्लासात थोडं पाणी घेतलं, पर्समधलं भिंग काढलं आणि त्यांना म्हटलं, आता बघा.

त्यांनी बराच वेळ बघितलं. डॅफ्नियाचं अंग पारदर्शक असतं. आतलं काळीज उडताना दिसतं, पाठीकडच्या पिशवीत अंडी दिसतात, कधी पिल्लंसुद्धा.

"ह्याच्या पोटात पोरं हायत गं," अप्पा म्हणाले.

"पाठीत आहेत. पण हो, पोरंच."

"आणि मी एवढी सगळी मोरीत वतली?"

"ओतली. आता त्याचं काय. धुतलेला टप पहिल्यांदाच इतका स्वच्छ झालाय," मी म्हटलं, आणि दोघंही हसलो. मग करंजाच्या सावलीत बसून घरून आणलेल्या पुऱ्या खाल्ल्या. मी आतून सैल झाले. आदल्या दिवशीचा राग पार निघून गेला. अप्पांच्या धोतराला चिखल, माझ्या सलवारीला चिखल, आणि घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार नाही, असं माझ्या लहानपणानंतर बहुतेक पहिल्यांदाच झालं होतं.

घरी आल्या आल्या पिल्लांना घातलं. ती तुटून पडली. अक्कांनी दारातच आम्हाला दोघांना बन्नीची पानं दिली, आमच्याकडे आपट्याची देतात तशी. अप्पांनी बादली पुढं करून त्यांना सांगितलं की शिवेपलीकडून आम्हीही सोनं लुटून आणलंय. अक्कांनी बादलीत वाकून बघितलं, उड्या मारणारे जीव बघितले आणि सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत मागे सरकल्या.

त्या दिवसापासून जिवंत खाण्याचं खातं अप्पांनी घेतलं. सकाळी चष्मा लावून गच्चीवर. चष्मा! टपाचं पाणी हिरवं होईना म्हणून त्यांनी शेणाचा गोळा पुरचुंडीत बांधून सोडला, ते शेण कुठून आणलं हे मी विचारलं नाही. मायक्रोवर्म मी ओळखीच्या माणसाकडून पुन्हा आणले, तर डबे ढवळायचं कामही त्यांचंच. अक्का गच्चीवर कपडे धुवायला आल्या की साबणाचं पाणी टपाकडे येऊ नये म्हणून हे तिथं चिंधीचा बांध घालून बसत. पिल्लांना खाणं घालताना मी जवळ गेले तर "सावली पडालीय, सरक" असं ऐकावं लागे. मी मनात म्हटलं, रमले. आता पाखरांचं विसरले.

विसरले कुठले! दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी चुलतभावाचा फोन आला. अप्पांनी फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि फक्त "आली" म्हणाले.

मी कबूल केलं होतं. चार माणसांच्या देखत केलं होतं. रजा काढली, पिल्लांचं खाणं अक्कांवर सोपवलं (त्या नाक धरून तयार झाल्या) आणि अप्पांना घेऊन रेल्वेनं गावी गेले. सकाळी ओढ्याकडच्या बांधावर आम्ही दोघं उभे राहिलो. आधी आवाज आला. खूप उंचावरून, घशातून घासत येणारा कर्र कर्र आवाज, आणि नंतर ती दिसली, सैल रांगेत गोल फिरत खाली येताना. पाय खाली सोडून एकेक हरभऱ्यात उतरलं. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागून मागे गेलेला पांढरा पिसांचा झुबका. उतरल्यावर थोडा वेळ ती काही खात नाहीत, नुसती उभी राहतात. अप्पांनी टोपी काढून हातात धरली होती. मला ती पाखरं सुंदर वाटली आणि त्यांचा रागही आला. दोन्ही खरं आहे.

"ऱ्हातो मी आता हितं," अप्पा म्हणाले. "तुझा भाऊ शेजारी हाय, त्याची बायको दोन भाकरी देती. काळजी करू नको."

"बरं."

"शिमग्याला ही निघाली की मी तुझ्याकडं येतो. उन्हाळा-पावसाळा तिकडं. पुन्हा ही आली की हिकडं."

मी हो म्हटलं. पण माझा विश्वास बसला नाही. शिमगा लांब होता आणि म्हाताऱ्या माणसाला एकदा स्वतःच्या उंबऱ्यात बसायची सवय पुन्हा लागली की त्याला हलवणं सोपं नसतं. येतो येतो म्हणत लोक राहूनच जातात. गाडीत बसताना मी चुलतभावाला म्हटलंसुद्धा, "हे आता यायचे नाहीत. तू लक्ष ठेव." त्यानं मान डोलावली, म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं.

थंडी गेली ती फोनवर. रोज संध्याकाळी अप्पांचा फोन. आधी पिल्लांची चौकशी. मी सांगे, नर एकमेकांचे पर ओढायला लागले, सगळ्यांना वेगवेगळ्या बरण्यांत ठेवलं. एक अगदी निळाशार निघालाय, एक तांबडा. "आणि त्या पिसवा?" ते विचारत. डॅफ्नियाचं हे नाव त्यांचंच. मग मी विचारत असे, पाखरं काय म्हणतात? "आज ओढ्याच्या पल्याड होती." "आज आली न्हाईत, उसात कुत्री शिरली होती." रोज एवढंच बोलणं. तब्येतीचं विचारलं की "बरी हाय" आणि फोन बंद. चुलतभाऊ सांगे, चक्कर पुन्हा आली नाही, जेवण बरं आहे. मग मी कशाला हट्ट करू? गच्चीवर मी एकटी डबे ढवळत असे आणि कुणी मला सावली पडतेय म्हणून हटकत नसे. मला अप्पांची फार आठवण येई. अक्का पायरीवर एकट्याच बसत आणि माझ्या भाजीबद्दल त्यांची काही तक्रार नसे, इतकं ते घर उदास झालं होतं.

शिमगा अजून बराच पुढं होता तेव्हा एका संध्याकाळी अप्पांनी पिल्लांचं विचारायच्या आधीच सांगितलं, "पाखरं गेली. यंदा लवकर गेली. मी येतो. गाडीत बसवून द्यायला तुझा भाऊ हाय."

मला आधी कळलंच नाही. मग मी तिकिटासाठी इतकी धावपळ केली की संस्थेतल्या लोकांना वाटलं काही वाईट बातमी आहे. सकाळी यशवंतपूर स्टेशनवर गेले. अप्पा डब्यातून उतरले ते दोन पिशव्या आणि एक वाकळ घेऊन. मला बघून म्हणाले, "किती वाळलीस! नीट खात न्हाईस." घरी आल्यावर अक्कांनी ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. चहा पिऊन अप्पा लगेच गच्चीवर गेले.

मी खोलीत बसून, पोचले म्हणून कळवायला चुलतभावाला फोन लावला. बोलता बोलता म्हटलं, "पाखरं यंदा लवकरच गेली म्हणे."

"कोण म्हणालं?"

"अप्पा. म्हणून तर आले ना."

"छे गं. मी आत्ता बांधावरनंच बोलालोय. समोरच चराल्यात की सगळी. अजून बक्कळ दिवस हालत न्हाईत." मग तो हसायला लागला. "आम्ही म्हणालो त्यास्नी, पाखरं गेल्यावर जावा. ऐकतात कुठं! आठवडा झाला, पिशव्या भरून बसले होते."

मी फोन ठेवला. जिना चढताना मला रडू आवरेना, म्हणून मधल्या पायरीवर थांबले, ओढणीनं तोंड पुसलं आणि मग वर गेले. अप्पा चष्मा लावून टपावर वाकले होते.

"पाणी लई पातळ करून ठेवलीस," म्हणाले. "काय म्हणत होता तो?"

"काही नाही. तिकडं ऊन वाढलंय म्हणाला."

"वाढणारच की," अप्पा टपातून डोकं न काढता म्हणाले. "त्याबिगर पाखरं जातात व्हय?"

"नाही जात," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसले.